निरंक

मुद्देमाल खोलीच्या मागे
जिथे आम्ही डबे विसळतो
तिथे एक रोप आलं.
कुणी लावलं नाही.
गेल्या साली अक्कलकोटच्या तुरीतून आणलेली
अकरा पोती मोजताना
एखादं बी फटीतून निसटलं असणार.
पंचनाम्यात त्याची नोंद नाही.

सोलापुरात पाणी पाचव्या दिवशी.
माणसं घागरी पुरवून पुरवून वापरतात,
आणि हे आमच्या खरकट्या पाण्यावर
भर मे महिन्यात मांडीला लागलं.
सात बोटांचं पान.
हात पसरून उभं,
झडती द्यावी तसं.

शिवशरण म्हणाला, येमूल, खालची पानं छाट,
सगळा जोर वर जाईल.
मी म्हटलं, वर जाऊन काय करायचंय त्याला?
तो हसला. कातर मात्र ठेवून गेला
फायली बांधायच्या दोऱ्याशेजारी.

छाट हा शब्द मी आईकडून शिकलो.
विडी घरकुलात दिवेलागणीला ती यायची,
सूप काखेत, सांगायची,
हजारातल्या ऐंशी छाट गेल्या,
चेकरनं माझ्यासमोर मोडून टाकल्या.
लहानपणी मला वाटायचं
छाट हा कुणी माणूस आहे,
रोज कारखान्यात येतो
आणि आमचे पैसे घेऊन जातो.

कोठडीत बिरप्पा होता. तुरीवाला.
त्याला विचारलं. का विचारलं, माहीत नाही.
रात्रपाळीत माणूस कुणालाही काहीही विचारतो.
गजाला कपाळ टेकून तो म्हणाला,
पिवळं पडलेलं काढा, ते गेलंच म्हणून समजा.
हिरव्याला कशाला हात लावता?
पान म्हंजे तोंड हाय त्याचं.
माझ्या भावानं एकदा लई पानं खुडली,
आतवर ऊन जाऊ दे म्हणून.
आठ दिवस झाड नुसतं उभं,
रुसलेल्या पोरागत. जेवंना, वाढंना.
मग एकदम गप झाला.
साहेब, हे लिहून घेऊ नका.

घरी आईला सांगितलं.
आता तिच्याच्यानं विड्या होत नाहीत,
पण बोटं कातरीच्या भोकाएवढी
वाकलेली राहिली ती राहिलीच.
पत्र्याचा तुकडा पानावर ठेवायचा,
कडेनं कातरायचं, शीर टाकायची,
चाळीस वर्षं.
ती रागावली की तेलुगूत जाते.
म्हणाली, मी कापलेलं एकही पान
जिवंत नव्हतं रे.
आणि मेलेलंसुद्धा रात्रभर भिजवल्याशिवाय
मी कातरीला दाखवलं नाही.
जिवंताचं मला काय विचारतोस?

तारखेला वकील उभे राहिले.
पान म्हणजे गांजा नव्हे, म्हणाले,
फुलोरा म्हणजे गांजा.
पोत्यांत पानं किती, शेंडे किती,
वेगळं वजन केलं होतं का, हवालदार?
नाही, साहेब.
न्यायाधीशांनी पंख्याकडे पाहिलं.
बिरप्पानं माझ्याकडे.

मग वरून निरोप आला, ते मागचं उपटा.
बरोबरच आहे. ठाण्यात कसं ठेवणार?
दोन पंच बोलावले, एक पानटपरीवाला,
एक पंक्चरवाला.
लिहायला मीच बसलो.
उंची दोन फूट चार इंच. खोड हिरवे.
पानं मोजली, शेंड्यापासून, एकेक.
शिवशरण कंटाळून चहाला गेला.
पंच सावलीत सरकले.
नव्वद.
फुलोरा: निरंक.
छाटणी केल्याच्या खुणा: निरंक.
सह्या झाल्या. कातर दोऱ्याशेजारीच होती.

हे दुसरं निरंक तितकंसं खरं नाही.
तीन पिवळी मी पहाटेच काढली होती, बोटांनी.
ओढावीसुद्धा लागली नाहीत,
हात लावला आणि आली.

संध्याकाळी आईनं शर्ट धुवायला घेतला,
सवयीनं खिसा चाचपला.
काही बोलली नाही.
तांब्यात पाणी घेऊन
तिन्ही पानं त्यात सोडली
आणि वर ओलं फडकं टाकलं.
राहू दे, म्हणाली, रातभर.